समोरची भिंत

आई माझ्या कॉलेजात शिकायला आली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते आणि ती पहिल्या. हे कोणालाही सांगितलं की लोक म्हणतात, "अय्या, किती छान!" छान कप्पाळ! पाठवा तुमच्या आईला तुमच्या वर्गात, आणि मग या माझ्याकडे छान म्हणायला.

आईची आख्खी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. निवृत्तीला अजून अवकाश होता, तरी एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं की राजीनामा दिलाय आणि विद्यापीठाच्या कला विभागात प्रवेश घेतलाय. वयाची अट नव्हती, तिने आधीच विचारून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "वा! म्हणजे आता घरात दोन चित्रकार आणि एक उपाशी माणूस." आणि स्वतःच हसले. माझा घास तोंडातच राहिला.

"दुसरा विषय नाही मिळाला तुला?" मी विचारलं.

"मिळाला असता की. पण मला हाच हवा होता. तू झालीस त्याच्याही आधीपासून."

हे मला नवीनच होतं. घरात चित्र काढणारी म्हणजे मी. नातेवाईक आले की माझ्या वह्या बाहेर निघायच्या, आणि आई त्या दाखवायची. दाखवणारी आई आणि काढणारी मी, अशी वाटणी माझ्या जन्मापासून ठरलेली होती. ती एका जेवणात मोडून टाकायची म्हणजे काय?

मी तिला अट घातली. कॉलेजात आपण एकमेकींना ओळखत नाही. हाक मारायची नाही, डबा आणून द्यायचा नाही, 'स्वेटर घातलास का' विचारायचं नाही. ती "मान्य" म्हणाली आणि तिने ती अट गणिताच्या नियमासारखी पाळली. इतकी पाळली की मला वाटलं ही माझी चेष्टा करतेय. आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं शेवटच्या वर्षाच्या मुलींना ताई म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी जिन्यात उभी होते, आणि मागून, दोन्ही हातांत ड्रॉइंग बोर्ड धरून, माझी सख्खी आई मला म्हणाली, "ताई, जरा सरकता का?"

लंबू शेजारीच होता. लंबू म्हणजे माझा वर्गमित्र, दारातून वाकून येणारा. तो हसून हसून भिंतीला टेकला.

आमच्या विभागात सकाळी स्टुडिओ असतो आणि दुपारी कलेचा इतिहास. सकाळी हात काळे करायचे, दुपारी अंधाऱ्या खोलीत बसून मेलेल्या चित्रकारांच्या स्लाइड बघायच्या. मला दोन्ही येत होतं. स्टुडिओत मी पहिल्या दोघा-तिघांत होते आणि इतिहासात तर पहिलीच. कोणतंही चित्र दाखवा, कोणत्या शतकातलं, प्रकाश कुठून येतोय, नजर कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, मी घडाघडा सांगायची. मग आई आली.

पहिले दोन महिने तिने नुसतं स्टूल काढलं. स्टुडिओतलं लाकडी, रंगाने बरबटलेलं स्टूल, कोळशाने. एक झालं की दुसरं. मला मनातून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, बघा, गणिताची बाई, स्टुलाच्या पुढे जात नाही. एक दिवस आमचे सर पहिल्या वर्षाच्या वर्गातून तिचा कागद घेऊन आमच्या वर्गात आले. या सरांच्या तोंडून चार वर्षांत मला 'हं' यापेक्षा मोठा शब्द ऐकायला मिळाला नव्हता. त्यांनी कागद फळ्यावर लावला आणि म्हणाले, "ही रेष बघा. हिला घाई नाही. शिका जरा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लंबूने हळूच विचारलं, "काकूंची ना?" मी म्हटलं, "मला काय माहीत? मी त्यांना ओळखत नाही."

तिकडे इतिहासाच्या बाईंचंही तेच. आईने त्यांना तासाला काहीतरी विचारलं आणि बाई म्हणाल्या, "थांबा हं, याचा मला विचार करावा लागेल." माझ्या एकाही प्रश्नाला बाईंना कधी विचार करावा लागला नव्हता. तास संपल्यावर दोघी खिडकीत उभ्या, बोलतच राहिल्या. आमची मुलं कॅन्टीनमध्ये तिच्याभोवती गोळा व्हायची. तिच्या डब्यात मीही खाल्लेलंच जेवण असायचं, पण तिथे त्याच्यावर झुंबड. मी लांबच्या टेबलावरून बघत बसायची, ओळख नाही ना!

पण मला खरं काय झोंबलं ते सांगते. ती रेष नाही, बाईही नाहीत. एकदा मी कॅन्टीनमध्ये शिरले आणि कोणीतरी मोठ्याने हसलं. मान मागे टाकून, टेबलावर हात आपटून. मी वळून बघितलं तर ती आई. नाकावर कोळशाचा डाग, चष्मा दोरीला लोंबकळतोय. घरी मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या कोणत्याच चित्राने, कोणत्याच बक्षिसाने तिला इतका आनंद झाला नव्हता. मला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

तेव्हापासून घरी मी माझ्या खोलीत घुसून दार लोटून घ्यायला लागले. नीट लागत नाही ते. लाकूड फुगलंय, कितीही ढकललं तरी वीतभर फट राहतेच. पण लोटलेलं दार म्हणजे लोटलेलं दार, आई आत येत नसे. जेवायला हाकसुद्धा बाबाच मारायचे. खोलीबाहेरच्या बोळात कधीकधी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. वाटायचं, आई पेपर वाचत असेल.

आत मी माझं मोठं चित्र करत होते, समोरच्या भिंतीसाठी.

ही भिंत काय ते सांगायला हवं. वर्षाच्या शेवटी विभागाचं प्रदर्शन भरतं. दालनाचं दार उघडलं की बरोबर समोर एक भिंत येते, आणि तिच्यावर एकच चित्र लागतं. बाकी सगळी आजूबाजूला दाटीवाटीने. बाहेरून येणारे मोठे लोक आधी ती भिंत बघतात, आणि पुष्कळदा तेवढीच बघतात. त्या भिंतीवरच्या मुलांना पुढे शिकायला बोलावणी येतात. नियमाने ती कोणालाही मिळू शकते, पण पहिल्या वर्षाला कधी मिळालेली नव्हती. मी पहिल्या वर्षी दालनात शिरले तेव्हाच ठरवलं होतं, ही माझी. आता हे शेवटचं वर्ष होतं, यंदा नाही तर कधीच नाही.

भिंत ठरते ती आमच्या चिरफाडीत. अधिकृत नाव वेगळं आहे, पण आम्ही चिरफाडच म्हणतो. सगळ्या वर्षांची मुलं मोठ्या स्टुडिओत बसतात. चित्रावर नाव नसतं, नाव मागच्या बाजूला कागदाने झाकलेलं. आणि चित्र आधी उलटं टांगतात, डोकं खाली. सर म्हणतात, "सुलटं असलं की तुम्ही गोष्ट वाचत बसता. आधी चित्र बघा, गोष्ट मग." उलट्या चित्रावर सगळ्यांनी बोलायचं. ज्याचं आहे त्याने गप्प बसायचं, चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही. आणि जो चित्राच्या बाजूने सगळ्यात मनापासून भांडेल तो त्याचा वकील. चित्राला भिंत मिळाली, तर शेजारची पाटी वकिलाने स्वतःच्या हाताने लिहायची.

त्या दिवशी आई पहिल्या रांगेत बसली होती, मी मागे.

माझं चित्र लवकर आलं. आमच्या विभागाचा जिना, त्यावर माणसं, वर खिडकी. प्रत्येक माणूस कोणत्या तिरक्या रेषेवर उभा आहे हे मी मोजून ठरवलं होतं. मुलांनी उलटं बघितलं, सुलटं बघितलं. मग एकजण म्हणाला, "खूप अभ्यास दिसतो." दुसरी म्हणाली, "हो, अभ्यास आहे." आमच्याकडे चित्राला अभ्यास दिसतो म्हणणं म्हणजे स्थळ बघून आल्यावर मुलगी स्वभावाने चांगली आहे म्हणण्यासारखं. सर म्हणाले, "हं." पुढचं चित्र.

तरी अजून आशा होती. कोणाचंच काही फार थोर नव्हतं. मग एक स्टूल आलं. उलटं टांगलेलं, पाय वर केलेलं, नीटनेटकं, कोळशातलं. मला वाटलं, आलीस का! सापडलीस! मी हात वर केला आणि तुटून पडले. "हे गणित आहे, चित्र नाही," मी म्हणाले. "सगळं जागच्या जागी आहे आणि कशातच जीव नाही. काढणाऱ्याला स्टुलाची भीती वाटतेय. एवढं घाबरायचं होतं तर घरी बसायचं होतं." आईने मागे वळूनही बघितलं नाही, उलट मान डोलावली, जणू काही ते तिला पटलंच. लोकांसमोर काय नाटकं करते, मी मनात म्हटलं. पण माझं समाधान झालं होतं. पोटातली सगळी आग बाहेर पडली आणि मी हलकी झाले.

मग ते चित्र आलं.

तैलरंग, उभं, फार मोठं नाही. बहुतेक सगळा अंधारच, पण काळा नाही. तपकिरी, जांभळट, आत काहीतरी हलतंय असा अंधार. आणि मध्याच्या जरा डावीकडे वरपासून खालपर्यंत उजेडाची एक अरुंद पट्टी. पट्टीत थोडा पिवळा, थोडी वाकलेली एक रेष, एक लाकडाचा तुकडा. उलटं असल्यामुळे काय आहे ते कळत नव्हतं.

मला बोलायचं नव्हतं. बोलले तर माझ्या चित्राचं नुकसान, एवढं मला कळत होतं. पण मी चार वर्षं बघायला शिकले होते. ते चित्र माझ्या समोर टांगलेलं होतं आणि बाकीचे ढिम्म बसले होते. ते मला सहन होईना.

"तुम्हाला दिसत नाही का?" मी उभीच राहिले. "सगळं वजन अंधारावर टाकलंय आणि सगळं महत्त्व उजेडाला दिलंय. अहो, हे करणं किती अवघड आहे! ज्याने काढलंय तो उजेडात नाही, बाहेर आहे. पण रुसलेला नाही, आत घ्या म्हणून दार वाजवत नाही. त्याला जे एवढंसं दिसतंय त्याचंच त्याला अप्रूप आहे. ही कड बघा, उजेडाची. खरवडून परत लावलीय, परत खरवडलीय. कुठे थांबायचं आणि किती बघायचं, याचा किती विचार केलाय. आत डोकावायचा मोह आवरलाय त्याने." मी बोट खाली घेतलं. "मला हे येत नाही. मला भिंत हवीय, सगळ्यांना माहितेय. पण मला याचा हेवा वाटतोय. भयंकर हेवा वाटतोय, आणि ही भिंत याला नाही मिळाली तर आपण सगळ्यांनी दुकान बंद करावं आणि घरी जावं."

मी धपकन खाली बसले. सर उठले आणि त्यांनी चित्र सुलटं केलं.

वीतभर फट राहिलेलं दार होतं. बोळातला अंधार. फटीतून दिसणारा ईझलचा एक पाय, पिवळ्या टी-शर्टातली पाठ, आणि ब्रश धरलेल्या हाताचं वर आलेलं कोपर. कोपरावर निळ्या रंगाचा डाग.

"अगं, ही तर तूच!" लंबू ओरडला.

मी माझ्या कोपराकडे बघितलं. निळा डाग होता तिथे, नेहमीसारखाच. पिवळा टी-शर्टसुद्धा तोच होता अंगात.

सरांनी मागचा कागद काढला आणि नाव वाचलं. पहिल्या रांगेत आई बसली होती, नियमाप्रमाणे हूं की चूं नाही. फक्त तिचे कान लालबुंद झाले होते. मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सर म्हणाले, "भिंत." आणि माझ्याकडे बोट करून, "वकील."

"आणि ते स्टूल कोणाचं?" मी लंबूला कसंबसं विचारलं.

"माझं," लंबू म्हणाला. "पण खरं बोललीस तू. घाबरतो मी स्टुलाला."

सगळे पांगल्यावर मी बेसिनपाशी गेले. आई ब्रश धुत होती. आसपास कोणी नव्हतं, म्हणजे आमची ओळख होती.

"माझं शेवटचं वर्ष आहे," मी म्हणाले.

"माहितेय."

"तुला अजून तीन वर्षं आहेत."

"आहेत."

मी थांबले. माझ्या आईला मी ओळखते. पंख्याखालची जागा, गाडीतली खिडकी, केकचा शेवटचा तुकडा, सगळं तिने आजवर 'मला नकोच होतं' म्हणत माझ्याकडे सरकवलंय. आता पण सरकवेल, आणि मी थोडे आढेवेढे घेईन. मनात मी ते आढेवेढे तयारसुद्धा केले होते. सर तिचं ऐकतील, तिचं सगळेच ऐकतात. मग माझा जिना लागेल समोर.

आईने नळ बंद केला. ब्रशांचं पाणी झटकलं. मग ती म्हणाली, "मागू नकोस हं."

"मी कुठे काय मागितलं?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या. तू मागितलीस तर मी देईन. मला नाही म्हणता येत नाही तुला, आजवर कधी आलंच नाही. आणि दिलं तर ते मला मरेपर्यंत खुपेल." तिचे डोळे भरले होते, पण आवाज शाळेतला होता. "म्हणून सांगते, मागू नकोस. मला ती भिंत हवीय."

काय सांगू, मला तिचा किती राग आला! ओठावर होतं माझ्या. 'आई, दे ना.' एवढंच म्हणायचं होतं, लहानपणापासून हजारदा म्हटलेलं. ते म्हटलं असतं तर भिंत माझी होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आणि ती तिथे ओले ब्रश धरून उभी होती, मी काय म्हणते याची वाट बघत. आईला माझी भीती वाटतेय हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

मी नळ उगाचच सोडला आणि परत बंद केला.

"पाटीवर काय लिहायचं?" मी विचारलं. आवाज चांगलाच खेकसल्यासारखा निघाला.

आईने श्वास सोडला. डोळे बाहीने पुसले आणि बाहीचा रंग गालाला लावून घेतला. "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, ताई," ती म्हणाली.

पाटी मी लिहिली. आईचं नाव मी आजवर कितीदा लिहिलंय, शाळेच्या, कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर, पण नेहमी माझ्या नावाच्या खाली, पालक या रकान्यात. सगळ्यात वर, एकटं, मोठ्या अक्षरांत ते मी कधी लिहिलं नव्हतं. तीन पाट्या बिघडल्या. खाली माझं नाव कुठेच नव्हतं, वकिलाचं लिहीत नाहीत. माझा जिना डावीकडच्या भिंतीवर, लंबूच्या स्टुलाशेजारी लागला. लोक दारातून आले की आधी समोर जायचे आणि तिथेच उभे राहायचे. मी दिवसभर बघत होते आणि दिवसभर जळत होते. खोटं नाही सांगत, अजूनही जळते.

प्रदर्शन उतरल्यानंतरच्या रविवारी दुपारी मी खोलीत नवीन कॅनव्हास लावला. दार लोटलेलं होतं. बाहेर बोळात खुर्ची सरकली आणि मग काहीच आवाज नाही. आता मला कळत होतं ती तिथे काय करते. मी तणतणत उठले, म्हटलं आज खांदा लावून हे दार बंदच करायचं. कडीला हात घातला. फटीतून आई दिसली, मांडीवर बोर्ड, हातात कोळसा, तोंड चोरी पकडल्यासारखं.

मी दार सताड उघडलं.

"बघायचंय तर नीट बघ," मी म्हटलं. "मागच्या वेळी कोपर चुकलं होतं तुझं."

"हो का?" आई घाईघाईने चष्मा चढवत म्हणाली. "कुठे चुकलं? दाखव बरं."

मी पाठ फिरवली, ब्रश उचलला आणि हात वर केला. कोपर अजिबात चुकलेलं नव्हतं.